हुकूम इकडचा, घोळ तिकडचा

हुकूम देणाऱ्याला हुकूम जिथे पोहोचायचा ती जागा दिसत नसावी, असा कारभाराचा एक अलिखित नियम आहे. जागा दिसली की हुकूम निघत नाही. धडगावच्या बाजारात उभा असलेला माणूस 'तालुक्यातील सर्व पाड्यांची माहिती आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत सादर करावी' असं वाक्य लिहूच शकत नाही, कारण त्याच्या समोर सातपुडा उभा असतो. तोच माणूस धुळ्याला खुर्चीत नेऊन बसवला, की वाक्य आपोआप उमटतं. 1 जुलै 1998 पर्यंत ती खुर्ची धुळ्यालाच होती. त्या दिवशी नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला, खुर्ची बरीच जवळ आली आणि पाच वाजेपर्यंतची माहिती चार वाजेपर्यंत मागवायची सोय झाली. सातपुडा मात्र होता तिथेच राहिला.

मी नोकरीभर या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला बसलो. डोंगरातल्या एका तालुक्याच्या कचेरीत आधी कारकून, मग अव्वल कारकून. माझ्या टेबलावर कागद येत, त्यांवर लाल शाईत 'तात्काळ' असे. त्याहून निकडीचं असलं तर 'अतितात्काळ', आणि खरोखरच निकडीचं असलं तर बिनतारी संदेश. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की अतितात्काळ पत्र दरडीच्या अलीकडे आणि मी दरडीच्या पलीकडे, असे आम्ही एकमेकांची वाट पाहत बसत असू. दरड निघाली की आधी स्मरणपत्र क्रमांक 2 यायचं, मग स्मरणपत्र क्रमांक 1 आणि शेवटी मूळ पत्र. ते वाचून कळायचं की मुदत गेल्या सोमवारी संपली.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. तो पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. 2020 च्या टाळेबंदीत तो आमच्याकडे शहाद्याला आला, कारण त्याच्या गावापेक्षा आमच्या माडीवर रेंज बरी येते. टाळेबंदी उठली, कंपनीने बोलावलं नाही, मामीने जा म्हटलं नाही. तेव्हापासून तो माडीवर बसून नवी मुंबईतल्या मशीनना हुकूम सोडतो. त्या मशीन एका डेटा सेंटरात भाड्याच्या कपाटात आहेत. त्याने त्या कधी पाहिलेल्या नाहीत. हे ऐकल्यावर मला त्याच्याबद्दल एकदम आदर वाटला. पोरगा थेट कलेक्टरच्या लाइनीत गेला होता.

त्याच्यासमोर एक काळा पडदा असतो. त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही, माऊसला काम नाही. शेजारचे अण्णा एकदा माडीवर आले, बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" भाचा म्हणाला, "सर्व्हरवर काम चालू आहे." अण्णांनी मान हलवली. सर्व्हर म्हटलं की आमच्याकडे एकच वाक्य माहीत आहे आणि त्यात पुढचा शब्द 'डाउन' असतो. सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला काढायला गेलात तरी हेच वाक्य, सातबाऱ्याला गेलात तरी हेच. त्यामुळे कोणाचा तरी सर्व्हर चालू असतो, ही बातमी अण्णांनी खाली जाऊन गल्लीत सांगितली.

या काळ्या पडद्याच्या विद्येचं नाव एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल. दूरच्या मशीनवर जणू तिच्यासमोरच बसल्यासारखा हुकूम टाइप करायचा. मधल्या वाटेत कोणी डोकावलं तर त्याला नुसती गिचमिड दिसावी, अशी व्यवस्था. ही व्यवस्था फिनलंडमधल्या तातू युलोनेन या माणसाने 1995 साली लिहिली. तो हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात होता आणि तिथल्या जाळ्यात कोणीतरी चोरून बसून लोकांचे पासवर्ड टिपत होतं. त्याआधी टेलनेट नावाचा प्रकार चाले, त्यात पासवर्ड उघडाच जाई. आमच्या कचेरीत गोपनीय पत्र शिपायाच्या हातात उघडं दिलं जाई आणि ते दुसऱ्या टेबलावर पोहोचेपर्यंत चहाच्या टपरीवर त्यावर चर्चा होऊन निर्णयही झालेला असे, तसलाच तो कारभार.

मला या इतिहासातला एक तपशील फार आवडतो. अशा प्रत्येक सेवेला एक दार-क्रमांक लागतो, त्याला पोर्ट म्हणतात. फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचा 21, टेलनेटचा 23. युलोनेनने जुलै 1995 मध्ये क्रमांक वाटणाऱ्या अमेरिकेतल्या कार्यालयाला एक ईमेल लिहिला, की मला मधला 22 मिळेल का. एका दिवसात उत्तर आलं की घ्या, 22 तुमचा. अर्जाचा विहित नमुना नाही, ना-हरकत दाखला नाही, तीन प्रतीत साक्षांकित झेरॉक्स नाही, 'आपला अर्ज विचाराधीन आहे' नाही. भाच्याला यात विशेष काही वाटलं नाही. मी मात्र ही गोष्ट निवृत्त सहकाऱ्यांच्या बैठकीत सांगितली, तेव्हा दोघांनी ती खोटी असल्याचं ठामपणे सांगितलं आणि एकाने त्या कार्यालयात त्याचा कोण नातेवाईक होता, असं विचारलं.

आता, अनोळखी मशीनशी पहिल्यांदा बोलायला गेलं की एसएसएच विचारतं: या मशीनची ओळख पटत नाही, तिच्या बोटाचा ठसा असा असा आहे, तरी पुढे जायचं का? ठसा म्हणजे चांगली लांबलचक अक्षरांची माळ. ती आपल्याकडच्या नोंदीशी ताडून पाहावी आणि मगच होय म्हणावं, अशी अपेक्षा. भाचा ती माळ न वाचता 'येस' टाइप करतो. त्याचे सगळे मित्रही तसंच करतात. स्क्रिप्टमध्ये तर तो प्रश्नच विचारू नये अशी एक ओळ घालून ठेवतात, तिचा अर्थ साधारण 'ओळखीची कडक तपासणी: नको' असा होतो. सुरक्षेसाठी बांधलेल्या वाड्याला पहिल्या दिवशी दार लावायचं विसरायचं आणि दुसऱ्या दिवसापासून कुलुपाचं कौतुक करायचं, ही रीत फिनलंडपासून शहाद्यापर्यंत एकच आहे.

पण एकदा नोंदवलेला ठसा उद्या बदलला, तर मात्र हेच एसएसएच पडदाभर @ चिन्हांची चौकट काढून मोठ्या लिपीत ओरडतं की दूरच्या मशीनची ओळख बदलली आहे, आणि कोणीतरी काहीतरी ओंगळ उद्योग करत असण्याची शक्यता आहे. हे शब्दशः असंच लिहिलेलं असतं. मी सरकारी भाषेत चाळीशी झिजवली, पण इतका मोघम आणि इतका घाबरवणारा मजकूर एकत्र कधी पाहिला नव्हता. कोण करतोय, काय करतोय, पुरावा काय, काही नाही; फक्त काहीतरी ओंगळ चाललंय. आमच्याकडे अशा मजकुराला निनावी अर्ज म्हणत.

ओळख पटवण्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवू नये, हेही सांगून टाकतो. 29 सप्टेंबर 2010 ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक इथे दिला गेला. बारा आकडी. पुढे तो रेशनला जोडला गेला आणि आमच्या जिल्ह्यातला शेतमजूर दूरच्या सर्व्हरवर हुकूम चालवू लागला. मजूर रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा टेकवतो. तो अंगठा गिचमिड होऊन आधारच्या माहितीसाठ्यापर्यंत जातो. तो साठा बेंगळुरू आणि मानेसरला आहे. तिथून उत्तर येतं, फक्त दोनपैकी एक: होय किंवा नाही. होय आलं तर तांदूळ. नाही आलं तर पुन्हा अंगठा, मग दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग पदराला पुसून पुन्हा अंगठा.

भाच्याकडे अंगठ्याच्या जागी किल्ली असते. किल्ली म्हणजे एक फाइल. तिची एक जोडीदारीण सर्व्हरवर ठेवलेली असते. दोघी जुळल्या की दार उघडतं. ही फाइल घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचता येण्यासारखी ठेवली, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. 'तुमची खासगी किल्ली फारच उघड्यावर आहे' असं सांगून तोंड फिरवतं. त्याला साधा उपाय आहे. एक छोटा हुकूम दिला की किल्ली पुन्हा सोवळ्यात. मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठं खुडणाऱ्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा झिजतात, तेव्हा असा हुकूम नसतो. तिची किल्ली कामाने झिजलेली असते आणि मानेसरला ते दिसत नाही. मग दुकानदार ओळखतो, गाव ओळखतं, ओट्यावरचं कुत्रंसुद्धा ओळखतं. फक्त सर्व्हर ओळखत नाही. आणि रेंजच नसेल तर मशीन घेऊन टेकडीवर चढायचं, पाठीमागून रांग चढते. दुरून सोडलेला हुकूम आणि दुरून मागितलेली ओळख यांत हा एवढाच फरक: पहिल्यात घोळ झाला तर भाचा चहा मागतो, दुसऱ्यात घोळ झाला तर चूल थांबते.

तर पुन्हा माडीवर. एका मशीनवर बसून हुकूम टाइप करणं यात कलेक्टरपणा नाही. तो चाळीस मशीनना एकदम हुकूम सोडण्यात आहे. त्यासाठी स्क्रिप्ट लिहितात. स्क्रिप्ट म्हणजे परिपत्रक. एकदा लिहायचं आणि यादीतल्या सगळ्यांना लावायचं. समोरची मशीन मध्येच प्रश्न विचारणारी असेल, म्हणजे पासवर्ड द्या, खात्री आहे का, पुढे जायचं का, तर माणसाच्या वतीने उत्तरं देणारा एक वेगळा प्रोग्रॅमही आहे. डॉन लिब्स नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने तो केला, नाव एक्स्पेक्ट. समोरून ठरलेला प्रश्न यायची वाट बघायची आणि आला की ठरलेलं उत्तर द्यायचं. साहेब दौऱ्यावर असताना पीए काय करतो ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हा प्रोग्रॅम वेगळा शिकावा लागत नाही.

परिपत्रकाचा पहिला घोळ 'इकडील' आणि 'तिकडील' यांच्यात होतो. सरकारी पत्रात 'इकडील कार्यालयाचे पत्र' असं लिहितात. वाचणाऱ्याने ओळखायचं की हे इकडील म्हणजे लिहिणाऱ्याचं, वाचणाऱ्याचं नव्हे. मी ते बरोबर ओळखत असे, कारण माझ्याकडे डोकं होतं आणि तेच काम होतं. मशीनकडे ते नाही. भाच्याने एकदा स्क्रिप्ट लिहिली: चाळीस मशीननी आपापलं नाव कळवावं. सोपा हुकूम. चाळीसच्या चाळीस उत्तरं आली आणि सगळ्यांनी एकच नाव कळवलं, भाच्याच्या लॅपटॉपचं.

कारण अवतरणचिन्ह. दुहेरी अवतरणात लिहिलं की 'आपलं नाव' याचा अर्थ हुकूम निघायच्या आधी इकडेच लावला जातो आणि तयार नाव तिकडे जातं. तिकडची मशीन बिचारी दिलेलं नाव वाचून दाखवते. एकेरी अवतरणात लिहिलं तर शब्द जसाच्या तसा तिकडे जातो आणि अर्थ तिथे लागतो. एका टिंबाएवढ्या चिन्हावर इकडचं तिकडे. मला हे समजावताना भाच्याची दमछाक झाली नाही, कारण आमच्याकडे नवापूर रेल्वे स्टेशन आहे. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध हद्द गेली आहे. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि स्टेशनमास्तरांना गुजरातेत जाऊन भेटायचं. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. त्या बाकावर बसलेल्या माणसाने 'इथला कायदा काय?' असं विचारलं, तर आधी तो कुठल्या टोकाला बसलाय ते बघावं लागतं, कारण एका टोकाला दारूबंदी आहे. आमच्याकडचे लोक ते न विचारता बघतात. चार इंच सरकण्याचे परिणाम नवापूरकराला जन्मतः ठाऊक असतात. पुण्याच्या पोराला ते चाळीस लॅपटॉप झाल्यावर कळतं.

दुसरा घोळ मला सगळ्यांत आवडतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. भाच्याने मशीनच्या नावांची यादी एका फाइलीत लिहिली, एका ओळीत एक नाव. स्क्रिप्टला सांगितलं: यादीतलं एक नाव वाच, त्या मशीनवर जा, हुकूम चालव, परत ये, पुढचं नाव वाच. भाषा चोख. आमच्या तालुक्यात पटपडताळणीला पाठवलेल्या माणसालासुद्धा इतकं सरळ सांगत नाहीत. स्क्रिप्ट पहिल्या मशीनवर गेली, हुकूम चालवला, परत आली आणि थांबली. बाकी एकोणचाळीस मशीनकडे ती गेलीच नाही. चूकही दाखवली नाही. काम संपलं, अशा थाटात.

रात्रभर शोधाशोध. यादी बरोबर, नावं बरोबर, किल्ल्या बरोबर. शेवटी कळलं ते असं: एसएसएच दूरच्या मशीनशी बोलताना 'तुमच्याकडून काही वाचायचं आहे का' म्हणून इकडे हात पसरून बसतं. इकडे त्याच्या हाताला लागली ती उरलेली यादी. पहिल्या मशीनसाठी गेलेल्या एसएसएचने बाकी सगळी नावं गिळून टाकली आणि स्क्रिप्ट परत येऊन पाहते तर वाचायला नाव शिल्लक नाही. म्हणजे पहिल्या गावाला गेलेला शिपाई सगळ्या गावांची पाकिटं त्याच गावात ठेवून आला, आणि पोहोच मात्र एकच. यावर इलाज काय, तर हुकमात 'डॅश एन' एवढं लिहायचं. दोन खुणा. म्हणजे इकडचं काही वाचू नकोस. हे पहिल्यापासून पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पुस्तिका कोणी वाचत नाही हेही पहिल्यापासून ठरलेलं आहे.

मी म्हटलं, "अरे, पण त्या उरलेल्या एकोणचाळीसपैकी कोणी विचारलं नाही का, की आम्हाला का नाही पाठवलं?"

"मामा, त्या मशीन आहेत. त्या स्वतःहून कशाला विचारतील?"

इथे मला आमच्या आणि त्याच्या कारभारातला मुख्य फरक सापडला. आमच्याकडे 'निरंक' असे. जिल्ह्याहून पत्र यायचं: आपल्या तालुक्यात टोळधाड आली असल्यास कळवावे, नसल्यास निरंक कळवावे. आणि टोळ नाहीत हे कळवणं टोळ आहेत हे कळवण्याइतकंच सक्तीचं असे. निरंक न कळवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस निघाल्याची उदाहरणं आहेत. टोळधाड न थांबवल्याबद्दल एकही नाही. भाच्याच्या राज्यात उलटं आहे. काम नीट झालं असेल तर मशीन गप्प बसते. बोलली तर घोटाळा. आणि काही न होणं व सगळं नीट होणं, दोन्हींचा आवाज एकच: शांतता. खात्री करायची तर निकालाचा आकडा विचारावा लागतो आणि तिथे शून्य म्हणजे उत्तम. एक, दोन, पंचावन्न, काही आलं तरी नापास. एसएसएच स्वतःच पोहोचू शकलं नाही, तर 255 देतं. त्यामुळे ज्या दिवशी भाचा जेवायला खाली येऊन "सगळीकडे शून्य आलं" असं आनंदाने सांगतो, त्या दिवशी मामीला अजूनही त्याच्या आईला फोन करावासा वाटतो.

अधिकाराच्या बाबतीत मात्र त्या मशीन आमच्याहून बऱ्या. साध्या माणसाने सर्वाधिकार वापरायचा हुकूम पहिल्यांदा दिला, की ती आधी तीन कलमी उपदेश ऐकवते: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान ठेवा, टाइप करण्यापूर्वी विचार करा, आणि मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. मग पासवर्ड मागते. स्क्रिप्टमधून गेलं की मात्र काही ठिकाणी ती अडून बसते, की समोर खरा माणूस बसलेला दिसत नाही, मी अधिकार देणार नाही. मला हे फार पटलं. अधिकार मागायला माणसाने स्वतः समोर यावं. भाच्याला हे पटत नाही. ते बंद करायची ओळ त्याने कुठूनशी शोधून काढली आहे.

आता वाटेतली दरड. भाचा हुकूम सोडून बसलेला असतो, तिकडे अर्धा तास चालणारं काम सुरू झालेलं असतं, आणि इकडे आमच्याकडे वीज जाते. राउटर बंद. काही वेळाने दूरची मशीन समजते की माणसाने फोन ठेवला. जुन्या काळी अशी जोडणी खरोखरच टेलिफोनच्या तारेवरून होई, तेव्हापासून फोन ठेवल्याचा इशारा या मशीनच्या हाडात आहे. फोन ठेवला की ती चालू काम तिथल्या तिथे मारून टाकते. अर्ध्यावर. निम्म्या फाइली हललेल्या, निम्म्या जागच्या जागी. म्हणून हुकमाच्या आधी एक शब्द लावायची पद्धत आहे: नोहप. फोन ठेवला तरी काम सोडू नकोस. आमच्या काळी हा शब्द लागत नसे. साहेबांनी फोन ठेवला की कामाला खरी सुरुवात व्हायची, कारण फोनवर साहेब असेपर्यंत कोणालाच काही करता येत नसे.

आणि आता शेवटचा प्रकार, ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. भाच्याच्या टोळीतल्या एका पोराने मशीन 'बंद करून पुन्हा चालू' करायचा हुकूम स्क्रिप्टमध्ये लिहिला. त्या हुकमात एका अक्षराचा फरक आहे. आर लिहिलं तर बंद होऊन चालू. एच लिहिलं तर बंद. त्याने एच लिहिलं. स्क्रिप्ट चोख होती, डॅश एन होता, अवतरण एकेरी होतं, नोहप होता, चाळीसही मशीनपर्यंत हुकूम पोहोचला आणि सगळीकडून शून्य आलं. पूर्ण यश. मग कंपनीची सगळी कामं एकामागून एक थांबली.

"आता चालू करायचा हुकूम दे," मी म्हटलं.

"ऐकायला कोणी उरलं नाही, मामा."

बंद मशीनलाही दुरून जागं करण्याची वेगळी सोय असते म्हणे, पण कंपनीने ती पैसे वाचवायला घेतलेली नव्हती. मग नवी मुंबईला फोन गेला. आणि तेव्हा मला कळलं, की डेटा सेंटरात यासाठी एक अधिकृत सेवा विकत मिळते. तिचं नाव रिमोट हँड्स. म्हणजे दूरचे हात. तुम्ही फोन करायचा, तिथला एक माणूस उठून तुमच्या कपाटापाशी जातो, हिरवा दिवा लागलाय की लाल ते बघून सांगतो, बटण दाबतो, तार हलवून पुन्हा घट्ट बसवतो. तासाच्या हिशोबाने पैसे. युलोनेनची गिचमिड, लिब्सचा पीए, किल्ल्या, ठसे, चाळीस मशीनचं परिपत्रक, आणि या सगळ्याच्या शेवटी रात्रपाळीचा एक माणूस चपला सरकवत उठतो, म्हणून जग चालतं.

तो माणूस फोनवर भाच्याला म्हणाला, "सर, कपाटावर नंबर पाचशे बारा लिहिलाय, तुम्ही एकवीस सांगताय. पाचशे बाराचे दिवे बंद आहेत, एकवीसचे चालू आहेत. मी पाचशे बाराचं बटण दाबू का?"

ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. हा आपला माणूस. भाच्याने चुकीचं कपाट सांगितलं होतं. चाळीस मशीनपैकी एकीनेही विचारलं नसतं. दिलेला नंबर घेऊन तिने दुसऱ्या कोणाचं तरी चालू कपाट बंद केलं असतं आणि शून्य कळवलं असतं. या माणसाने हुकूम वाचला, त्यातला अशक्य भाग बाजूला ठेवला, डोळ्यांना दिसलं ते ताडून पाहिलं आणि हुकूम देणाऱ्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाच नम्रपणे विचारलं. अव्वल कारकून याहून वेगळं काय करतो? नोकरीभर मी हेच केलं. पाच वाजेपर्यंतच्या माहितीतली कुठली खरोखर पाच वाजेपर्यंत लागणार आहे ते ओळखायचं, 'इकडील' म्हणजे कुठलं ते समजून घ्यायचं, डोंगरापलीकडच्या पाड्यातली माणसं यादीत नसली तरी आहेत हे ध्यानात ठेवायचं आणि वर निरंक कळवायचं. रेशनच्या दुकानात अंगठा जुळला नाही तरी 'ही आमच्या गावातलीच बाई आहे' म्हणणारा दुकानदारही त्याच जातकुळीचा. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला समोर कोणी बसलेलं नसतं, एवढंच.

भाच्याला मी त्या सेवेचा तासाचा दर विचारून घेतला. त्या दराने माझ्या सेवाकाळातले दूरच्या हातांचे तास मोजायला बसलो, तर आकडा माझ्या सगळ्या निवृत्तिवेतनापेक्षा मोठा निघतो आहे. थकबाकीचा अर्ज तीन प्रतीत तयार आहे. वर लाल शाईने 'अतितात्काळ' लिहिलं आहे. कुठल्या कार्यालयाला पाठवायचा ते मात्र ठरत नव्हतं, म्हणून तूर्तास सगळ्यांनाच पाठवतो आहे. माझी थकबाकी कोणाकडे निघत नसल्यास कृपया निरंक कळवावे. न कळवणाऱ्यास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.